चिठ्ठीने पडलेली ओळ



जनाबाईंच्या गंगाखेडचा आणि बी. रघुनाथांचा हा जिल्हा आपले मनापासून स्वागत करतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही म्हणतो. आज इथे यंत्राने रँडम जुळवलेल्या ओळींचे प्रयोग वाचले जाणार आहेत, म्हणून त्या म्हणीतली जर्मनीही कामाला येणार आहे. १९५९ साली स्टुटगार्टला थिओ लुट्झ यांनी काफ्काच्या 'द कॅसल'मधली १६ उद्देश्ये आणि १६ विधेये संगणकाला दिली आणि यंत्राने ती रँडम जुळवून वाक्ये छापली. याला साहित्य का म्हणायचे? उत्तर आमच्या कृषी विद्यापीठाच्या रानात सापडते. ज्वारीची चाचणी घेताना कोणता वाण कुठल्या प्लॉटमध्ये पेरायचा, हे शास्त्रज्ञ आपल्या मर्जीने ठरवत नाही, रँडम आकड्यांचा तक्ता ठरवतो. नाहीतर बांधाकडचा काळाभोर तुकडा लाडक्या वाणाला द्यायचा मोह कुणाला आवरणार? कवीचेही असे लाडके तुकडे असतात. पाऊस आला की मागोमाग आठवण आलीच. रँडम निवड, म्हणजे चिठ्ठी, तेवढा मोह मोडते. कणसे खुडून तोलायची ती माणसानेच.

कोणी म्हणेल, हे परदेशी खूळ आहे. पण १३व्या शतकात यादवांच्या देवगिरीत शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त सात स्वरांचे ५०४० क्रम मोजले. त्यातल्या 'नष्ट' रीतीने नुसत्या क्रमांकावरून स्वरांची रांग काढता येते, 'उद्दिष्टा'ने रांगेवरून क्रमांक. संगणकाचा योगायोगही असाच हिशेबी: तोच सुरुवातीचा आकडा दिला, की तीच ओळ पुन्हा. आकडा आपल्याला दिसत नाही, एवढेच. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केले, म्हणजे रामकथेत 'राम' म्हणायचीच सोय उरली नाही! तो नियम होता, चिठ्ठी नव्हे. पण सवयीचा शब्द हातातून काढून घेण्याचे काम दोघांचे एकच.

खरा आक्षेप निराळा आहे. जनाबाईंच्या शब्दांमागे जात्याचा खुंटा धरलेला हात आहे. यंत्राने कधी दळण दळले? हे मला मान्य आहे. म्हणूनच यंत्राची ओळ जशीच्या तशी छापणे हा प्रयोग नाही, आळस आहे. शंभरांतल्या नव्याण्णव ओळी टाकणारा आणि उरलेल्या एकीची जबाबदारी घेणारा कुणी असला, तरच पुढची चर्चा. चाचणीच्या वहीत न उगवलेल्या प्लॉटचीही नोंद ठेवावी लागते. इथे प्रयोग वाचणाऱ्यांनी टाकलेल्या ओळीही सोबत वाचाव्यात, एवढी यजमानांची विनंती.