शेळीच्या तोंडात फोड : दुखणे केवळ तोंडाचे नव्हे
(शेळीपालक मेळाव्यातील भाषण)



शेळी ही गरिबाची गाय. अडीनडीला हीच उपयोगी पडते. पण एक रोग असा आहे, की तो आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा करू शकतो. तो म्हणजे पीपीआर, अर्थात शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. गुरांची बुळकांडी २०११ साली जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तिच्याच कुळातला हा विषाणू भारतात १९८७ साली तामिळनाडूत प्रथम आढळला आणि आजही आपल्या कळपांत आहे.

लागण झाल्यावर साधारण चार-पाच दिवसांनी शेळीला १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप येतो. नाका-डोळ्यांतून पाणी येते, पुढे नाकातला स्राव घट्ट होऊन नाकपुड्या चिकटतात. दोन-तीन दिवसांत हिरड्या, जीभ व गालांच्या आतल्या बाजूस फोड व चट्टे येतात. त्यावर कोंडा पसरल्यासारखा थर दिसतो, तोंडाला घाण वास येतो. मग पातळ हगवण लागते, खोकला व धाप सुरू होते. गाभण शेळ्या गाभडतात.

इथेच आपली चूक होते. तोंड आले म्हणून आपण हळद-तेल लावत बसतो. तोंडातील फोड डोळ्यांना दिसतात. फुप्फुसाचा दाह दिसत नाही. शेळी दगावते ती न्यूमोनियाने आणि हगवणीने अंगातले पाणी कमी झाल्याने. शिवाय खोकल्यातून, शिंकेतून आणि एकाच गव्हाणीतून रोग शेजारच्या शेळीकडे जातो.

तोंडाचे सगळेच फोड पीपीआरचे नसतात. लाळ्या खुरकुतात खुरांतही जखमा होऊन जनावर लंगडते. माव्यात ओठांवर बाहेरून खपल्या धरतात. ताप, नाकातील स्राव, तोंडातील फोड व हगवण एकत्र दिसली, तर पीपीआरची शंका घ्यावी आणि पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवावे.

आजारी शेळी लगेच वेगळी बांधावी. तिचे चारा-पाणी निराळे ठेवावे व काम शेवटी करावे. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने तोंड धुऊन बोरोग्लिसरीन लावावे. मऊ, कोवळा पाला द्यावा. विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविके जिवाणूंची जोडलागण रोखण्यासाठी असतात, ती पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावीत. मेलेली शेळी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नुकसान टाळण्यासाठी काहीजण आजारी शेळी बाजारात नेतात. आपले चार पैसे वाचतात, पण दुसऱ्या दहा घरांचे कळप आजारी पडतात. पुढच्या बाजारात तोच रोग विकत घेऊन आपणही घरी येऊ शकतो. म्हणून नवीन शेळी किमान तीन आठवडे वेगळी ठेवल्याशिवाय कळपात सोडू नये.

खरा उपाय लसीचा. करडू तीन-चार महिन्यांचे झाले, की कातडीखाली एक मिलिलिटर लस टोचून घ्यावी. एका मात्रेने सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. लस बर्फात ठेवलेलीच असावी आणि निरोगी जनावरालाच द्यावी. एकट्याने टोचून भागत नाही, साऱ्या गावाच्या कळपांना एकाच वेळी टोचावी. २०३० पर्यंत हा रोग जगातून घालवण्याचे उद्दिष्ट आहे. त्याची सुरुवात आपल्या गोठ्यापासून करू या.