मासा पोहतोय, म्हणजे नदी ठीक आहे?

नदीत मासे दिसले की आपण म्हणतो, पाणी चांगलंय. पण कधी कधी सर्व्हर मस्त चालू असतो आणि आतला डेटा केव्हाच बिघडलेला असतो ना, तसंच हे.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओचं उदाहरण घ्या. ड्रायडन इथल्या कागद गिरणीच्या केमिकल प्लांटमधून १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा वाबिगून नदीत गेला. गाळातल्या जिवाणूंनी त्याचं मिथाइल मर्क्युरी केलं. ते किड्यांतून छोट्या माशांत, तिथून मोठ्या शिकारी माशांत गेलं, दर पायरीला वाढत. मासे पोहतच राहिले. पण ते खाणाऱ्या ग्रासी नॅरोजच्या आदिवासींचे हातपाय बधिर झाले, नजर अधू झाली. मासेमारी बंद पडली, रोजगारही गेला.

माशालाही त्रास होतोच. तांब्यामुळे त्याची वास घ्यायची ताकद जाते, शिकारी जवळ आलेला कळत नाही. कॅडमियम कल्ल्यांतून शिरतं आणि कॅल्शियमची वाट अडवतं.

आणि हो, पारा माशाच्या मांसातच असतो. धुऊन, तळून तो जात नाही. म्हणून नुसतं ‘पाणी तपासलं का?’ विचारू नका. गाळ तपासला का, मासा तपासला का, तेही विचारा. भेटू पुढच्या भागात!