शिपायाचे पत्र : घरातील एक दस्तऐवज

(जळगाव व धुळे येथील निवृत्त सैनिक व सैनिक-कुटुंबीय यांच्यापुढे केलेले भाषण, वाचकांसाठी लिहून काढलेले)



खानदेशातील आपल्या वस्त्यांमधून जे पुरुष पलटणीत गेले, त्यांच्या घरी बहुधा एक पत्र्याची पेटी असते. तीत पेन्शनचे कागद असतात, बिल्ले असतात आणि तळाशी सुतळीने बांधलेला पत्रांचा एक गठ्ठा असतो. पेन्शनचे कागद आपण जिवापाड जपतो, कारण त्यावर पैसे मिळतात. पत्रांचा गठ्ठा मात्र म्हातारा माणूस डोळ्यांआड झाला की रद्दीत जातो, नाही तर चुलीत जातो. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, तो गठ्ठा केवळ आठवणींचा नाही. तो हक्काचा कागद आहे. तो कसा जपावा आणि कायदा त्यास कोठे मानतो व कोठे मानीत नाही, हे आपण आज पाहू.

प्रथम हे ध्यानात घ्या की, आपल्या समाजात शिपायाच्या घरी पत्र येऊ लागले आणि ते घरातच वाचले जाऊ लागले, ही लहान गोष्ट नव्हती. ज्या घरी अक्षर नाही त्या घरचे पत्र गावकीच्या तोंडातून जाते. नवऱ्याचे पत्र आले तर बाईने ते हाती धरून कुलकर्ण्याच्या ओट्याखाली किंवा मास्तरांच्या दारात उभे राहावे. पत्रात काय आहे ते आधी त्यांनी जाणावे, मग हिने. उत्तर लिहून घ्यावयाचे तर मनातले अर्धे गिळून टाकावे, कारण लिहिणारा परका. सावकाराचा तगादा, दिराचा जाच, उपाशी लेकरे यांतील काय सांगावे आणि काय झाकावे, हे लिहिणाऱ्याचे तोंड पाहून ठरवावे लागे. स्वतःचे पत्र स्वतः न वाचता येणे म्हणजे आपल्या घरास कवाड नसणे होय.

ते कवाड लष्करी छावणीतील शाळांनी प्रथम बसविले. कंपनी सरकारच्या व पुढे मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि छावण्यांतून शिपायांच्या मुलामुलींस शिकविले जात असे. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. आपल्यातील पहिली लिहिती-वाचती घरे पुष्कळ अंशी या पलटणीच्या घरांतून निघाली. म्हणूनच १८९० नंतरच्या काळात महारांची भरती बंद झाली तेव्हा केवळ भाकरी गेली नाही, शाळाही गेली. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त शिपायाने १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणे नेले. १९१७ साली, महायुद्धाची निकड पडल्यावर, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि काम सरताच १९२१ साली ती मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. त्या भरतीमागे बाबासाहेबांचा आग्रह होता, हे आपण सर्व जाणता.

आता पहिल्या महायुद्धातील पत्रांची हकीकत ऐका. हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे त्या युद्धात समुद्रापार गेली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या तुर्कांच्या कैदेत पडल्या. फ्रान्सच्या आघाडीवर मुख्यतः पंजाब, गढवाल व सरहद्द प्रांताकडील शिपाई होते. १९१४ च्या अखेरीस तेथे सरकारने शिपायांची पत्रे तपासणारे एक कार्यालय उघडले आणि हॉवेल नावाचा अधिकारी त्याचा मुख्य नेमला. अमेरिकेतून गदर पक्षाचे साहित्य फौजेत शिरेल, ही सरकारची धास्ती होती. पत्र उघडावे, वाचावे, त्यातील वेचे इंग्रजीत उतरवून वरिष्ठांस पाठवावे, असा तो क्रम होता. शिपायांनाही ते ठाऊक झाले. मग कोणी गोऱ्यांस व हिंदी शिपायांस लाल मिरी आणि काळी मिरी म्हणून लिहू लागला. काळी मिरी संपत आली असे लिहिले की घरच्यांनी ओळखावे, आपली माणसे फार पडत आहेत.

यातील मर्म असे की, ते इंग्रजी वेचे आज लंडनच्या ग्रंथालयात आहेत, विद्वान त्यावर ग्रंथ लिहितात. पण मूळ पत्रे बहुतेक नाहीशी झाली. शिपायाचे बोलणे उरले ते तपासनिसाच्या वहीत, तपासनिसाच्या भाषेत आणि तपासनिसास जेवढे टिपावेसे वाटले तेवढेच. घरच्यांनी कागद न जपल्यामुळे घरचा शब्द परक्याच्या दप्तरात जाऊन बसला. खानदेशात तर त्याहून मोठी गोष्ट घडली. १८२५ साली औट्रम साहेबाने भिल्लांची पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे होते. औट्रमचे चरित्र लिहिले गेले. त्या भिल्ल शिपायाने आपल्या घरी काय निरोप धाडला असेल, हे सांगणारा कागद मात्र कोठे दाखवता येत नाही. ज्याच्याजवळ अक्षर नाही त्याचा इतिहास त्याचा वरिष्ठ लिहितो.

पत्र लिहिता आले म्हणजे सारे झाले असेही नाही. ते पोचावेही लागते. बाबासाहेबांनी स्वतःच्या बालपणीचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. साल १९०१. वडील फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्याकडे गोरेगाव येथे खजिन्याच्या नोकरीत होते. मुलांनी आपण येत असल्याचे पत्र धाडले आणि ती मसूर स्टेशनावर उतरली. न्यावयास कोणी नव्हते. जात कळताच गाडीवान मिळेना; दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी हाकावयाची, असे ठरल्यावर एक तयार झाला; वाटेत पाणी मिळाले नाही. मागाहून कळले की पत्र पोचले होते, पण नोकराने ते वडिलांच्या हाती दिले नव्हते. सुभेदाराच्या घरचे पत्र होते, लिहिणारी मुले शिकलेली होती, तरी एक कागद वेळेवर हाती न पडल्याने लेकरांस ती रात्र काढावी लागली. तेव्हा कागद क्षुल्लक मानू नका.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे वळतो.

शिपाई मरण पावला की घरात तीन प्रश्न उभे राहतात : त्याची बायको कोण, मुले कोण, आणि मालमत्ता कोणास. पहिल्या दोन प्रश्नांस सरकारी दप्तर पुरेसे उत्तर देईल असे आपण समजतो. पण भरतीच्या वेळी पोरगा अविवाहित असतो, आईचे नाव लागते, पुढे लग्न होते आणि नोंद बदलावयाची राहून जाते. माझ्याकडे जळगाव जिल्ह्यातील एक विधवा आली होती. विहारात झालेल्या लग्नाचा दाखला नव्हता, आणि दीर म्हणत होता की ही माझ्या भावाची बायकोच नव्हे. तिच्याजवळ नवऱ्याची बावीस अंतर्देशीय पत्रे होती. ती तिला नव्हे, सासूला लिहिलेली होती. त्यांत ‘सूनबाईस दवाखान्यात न्या’, ‘मुलीचे नाव शाळेत घाला’, असा मजकूर होता. प्रत्येकावर टपालाचा शिक्का व तारीख होती. त्या पत्रांपुढे दिराचे म्हणणे टिकले नाही आणि तडजोड झाली.

असे का झाले? कारण मृत मनुष्याने रक्ताच्या, विवाहाच्या किंवा दत्तकाच्या नात्याविषयी, वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेले विधान, त्यास त्या नात्याची खास माहिती असल्यास, पुराव्यात घेता येते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ३२ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २६ मध्ये आहे. तसेच, तीस वर्षांचा जुना कागद योग्य ताब्यातून हजर झाला तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. पूर्वीचे कलम ९०, आताचे कलम ९२. ‘योग्य ताबा’ या शब्दांकडे लक्ष द्या. तो ताबा म्हणजे तुमची ती पत्र्याची पेटी. आणि पत्राबरोबर पाकीटही ठेवा. शिपायाच्या पत्त्यात गाव नसते, ‘५६ एपीओ’ एवढेच असते. पण त्यावरील शिक्का व तारीख हाच वादापूर्वीचा काळ सिद्ध करणारा साक्षीदार असतो.

तिसरा प्रश्न मालमत्तेचा. येथे मी एक अन्याय तुमच्यापुढे मांडतो. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातील कलमे ६५ व ६६ शिपायास एक मोठी सवलत देतात. अठरा वर्षे पूर्ण झालेला शिपाई मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष लढाईत असेल, तर त्याने सर्वस्वी स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्र सहीवाचून व साक्षीदारांवाचून चालते. दोन साक्षीदारांसमक्ष तो ते तोंडीही करू शकतो. म्हणजे खंदकातून लिहिलेले पत्रदेखील मृत्युपत्र ठरू शकते. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाकडे कायद्याने औपचारिकता मागू नये, ही त्यामागील माणुसकी आहे.

पण ही माणुसकी कोणासाठी? त्याच कायद्याचे कलम ५७ सांगते की, हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्या मृत्युपत्रांस तिसऱ्या परिशिष्टात दिलेली कलमेच लागू होतील. त्या परिशिष्टात ६३ आहे, ६४ आहे; ६५ व ६६ नाहीत. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्यापासून चालत आलेली ही निवडानिवड आहे. परिणाम असा की, एकाच खंदकात बसलेल्या ख्रिस्ती किंवा पारशी शिपायाचे पत्र मृत्युपत्र ठरू शकते, आणि त्याच्या शेजारच्या बौद्ध शिपायाचे तसेच पत्र नाकारले जाऊ शकते. कलम ६३ ची भाषा लढाईवरील शिपायास वगळते, त्यावरून उलट युक्तिवाद करावयास जागा आहे, हे मी मान्य करतो. परंतु विधवेने आपली भाकरी वकिलाच्या युक्तिवादावर का सोडावी? गोळीस धर्म कळत नाही. मग मृत्युपत्रास का कळावा? संविधानाचे कलम १४ कायद्यापुढील समानता सांगते. ६५ व ६६ ही दोन कलमे तिसऱ्या परिशिष्टात घालावीत, ही मागणी आपल्या संघटनांनी लोकप्रतिनिधींकडे लावून धरली पाहिजे. ती कोणाविरुद्ध नाही. सर्वच शिपायांसाठी आहे.

ती पुरी होईपर्यंत स्वस्थ बसून चालणार नाही. रजेवर आलेल्या मुलास सांगा : मृत्युपत्र करावयाचे तर साध्या कागदावर कर, सही कर, आणि दोन साक्षीदारांची सही तुझ्यासमक्ष घे. स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपणासही लागू होतो. त्यात विधवा, मुलगे, मुली व आई यांस बरोबरीचा वाटा आहे. नामनिर्देशनात एकाचे नाव आहे म्हणून बाकीच्यांचा हक्क बुडतो, असे सरसकट समजू नका. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितले होते की नामनिर्देशित माणूस रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही; मात्र २०१५ च्या विमा कायद्यातील दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नामनिर्देशित असल्यास हा नियम बदलला आहे. लग्न, जन्म, मृत्यू यांची नोंद पलटणीच्या दप्तरात वेळीच करा. अडचण पडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

आजचा शिपाई पत्र लिहीत नाही, फोनवर बोलतो, असे तरुण म्हणतील. खरे आहे. परंतु बोललेले विरते, आणि फोन बिघडला की संदेशही जातात. फोनवरील लेखी संदेश पुराव्यात मांडावयाचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा महत्त्वाचे संदेश जपा, मूळ फोन मोडीत घालू नका. आणि माझे ऐकाल तर, मुलास सांगा की वर्षातून चार वेळा तरी कागदावर चार ओळी लिही. आईचे, बायकोचे, मुलांचे नाव घालून, तारीख घालून. पलटण कोठे आहे, काय करीत आहे, हे त्यात लिहू नये; ती शिस्त त्याने पाळलीच पाहिजे.

शेवटी एक विनंती. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून सरदारांची व वतनदारांची दप्तरे गोळा केली. १९२६ साली धुळ्यातच त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आहे. सरदारांचे कागद जपावयास माणसे निघाली. शिपायाचे कागद कोण जपणार? ते आपणच जपावयाचे आहेत. प्रत्येक विहाराने एक वही घालावी. तीत कोणाच्या घरी किती पत्रे आहेत, कोणत्या सालची आहेत, हे नोंदवावे. घरच्यांच्या संमतीने नकला काढाव्यात. मूळ कागद घरीच राहू द्यावा. पत्रात घरचे गुपित असेल तर ते चव्हाट्यावर आणू नये. आणि ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्याजवळ बसून तिच्या नातीने ती पत्रे तिला वाचून दाखवावीत. ज्या ओट्याखाली तिची सासू उभी राहिली होती, तेथे कोणास पुन्हा उभे राहावे लागू नये.

जय भीम.