कोठाराचं दार आणि पंधरावं कलम



आज मी तुम्हाला मेक्सिकोतल्या एका धान्याच्या कोठाराची गोष्ट सांगणार आहे. ग्वानाह्वातो हे चांदीच्या खाणींचं शहर. तिथे किल्ल्यासारखी एक दगडी इमारत आजही उभी आहे. स्पेनच्या राज्यात तिच्यात मका साठवत.

आधी तिथली उतरंड समजून घेऊ. सगळ्यात वर स्पेनमध्ये जन्मलेले गोरे. मोठी पदं त्यांची. त्यांच्याखाली क्रिओलो, म्हणजे वंशाने स्पॅनिश पण जन्म अमेरिकेतला. जमिनी होत्या, खाणी होत्या, वरचा अधिकार मात्र सहसा मिळत नसे. मग मिश्र वंशाचे लोक, खंडणी भरणारे मूळ रहिवासी आणि तळाला आफ्रिकी गुलाम. या मिश्र वर्गांना म्हणत ‘कास्ता’. पोर्तुगीजांनी हाच शब्द आपल्याकडच्या जातींना लावला आणि त्यातूनच इंग्रजीतला ‘कास्ट’ आला.

१८०८-०९ मध्ये पाऊस दगा देऊन गेला. मका महागला. १६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो या क्रिओलो धर्मगुरूने चर्चची घंटा वाजवून लोकांना उठावासाठी बोलावलं. मागे निघाले शेतमजूर, खाणकामगार, मूळ रहिवासी. हातात गोफणी, कोयते, काठ्या.

२८ सप्टेंबरला ते ग्वानाह्वातोला पोचले. तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने श्रीमंतांना त्यांच्या चांदीसकट कोठारात घेतलं आणि दार लावलं. बाहेर राहिलेल्या गरिबांना काय दिसलं असेल? धान्य आत, पैसा आत, राज्यकर्तेही आत. आपण तेवढे बाहेर! जमावाने दार जाळलं. आतले बहुतेक मारले गेले, शहर लुटलं गेलं.

त्या कत्तलीचं समर्थन मी करणार नाही. पण तिचा परिणाम बघा. स्पेनवर चिडलेले अनेक क्रिओलो आता खालच्या माणसांना जास्त घाबरले आणि राजाच्या बाजूला गेले. इदाल्गोने डिसेंबरमध्ये गुलामगिरी आणि खंडणी रद्द केल्याचं जाहीर केलं. १८११ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याचं आणि तीन साथीदारांचं शिर त्याच कोठाराच्या चार कोपऱ्यांवर जवळपास दहा वर्षं टांगलेलं होतं.

पुढे लढा सांभाळला होसे मारिया मोरेलोसने. मिश्र वंशाचा, तरुणपणी खेचरं हाकणारा, नंतर धर्मगुरू झालेला माणूस. १८१३ मध्ये चिल्पानसिंगोच्या सभेपुढे त्याने आपली कलमं मांडली. पंधरावं कलम सांगतं, की गुलामगिरी कायमची बंद, जातिभेदही बंद, आणि माणसामाणसांत फरक करायचा तो फक्त सद्गुण-दुर्गुणांवरून. गरिबाची मजुरी वाढावी, हेही त्याने मागितलं. १८१५ मध्ये त्यालाही गोळ्या घातल्या.

मग स्वातंत्र्य आणलं कोणी? आगुस्तिन दे इतुर्बिदेने. हा क्रिओलो अधिकारी कैक वर्षं राजाच्या वतीने बंडखोरांशीच लढला होता. १८२० मध्ये स्पेनमध्येच उदारमतवादी सत्तेवर आले. चर्चचे आणि लष्कराचे विशेष हक्क धोक्यात आले, तेव्हा इथल्या वरच्या वर्गाला स्वातंत्र्य सोयीचं वाटू लागलं. इतुर्बिदेने बंडखोरांचा नेता विसेंते गेरेरोशी हातमिळवणी केली. २७ सप्टेंबर १८२१ ला सैन्य राजधानीत शिरलं. सगळे नागरिक समान, असं कागदावर आलं. जमिनी होत्या त्याच हातांत राहिल्या. गुलामगिरीही संपली नाही.

ती रद्द केली १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या गेरेरोने. तोही खेचरं हाकणारा, आफ्रिकी वंशाचा वारसा असलेला. त्याच वर्षअखेर त्याची सत्ता उलथवली आणि १८३१ मध्ये स्वतंत्र मेक्सिकोनेच त्याला गोळ्या घातल्या.

आज दर सप्टेंबरला मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष ती घंटा वाजवतात. मोरेलोसच्या नावाने एक राज्य आहे. उठावानंतर शंभर वर्षांनी त्याच राज्यातले शेतकरी गेलेल्या जमिनी परत मागत एमिलियानो सापाताच्या मागे उभे राहिले.

म्हणून कुठल्याही देशाच्या स्वातंत्र्याची तारीख पाठ करताना मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: त्या दिवशी कोठाराचं दार कोणासाठी उघडलं? तुम्हीही विचारून बघा.