चाड्यावरील मूठ



गिरणा-मोसमच्या या परिसरात पुष्कळ शेतांवर आता ट्रॅक्टरने पेरणी होते. बैलांची पाभर गोठ्याच्या आढ्याला टांगलेली, नाही तर पावसात कुजत पडलेली आढळते. तिला केवळ अडगळ मानणे योग्य होणार नाही.

इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास घोड्याने ओढावयाचे पेरणीयंत्र बनविले. युरोपीय शेतीच्या इतिहासात त्याचे मोठे स्थान आहे. परंतु १७९५ मध्ये कॅप्टन थॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण भारतात बैलांचे पेरणीचे अवजार चालताना पाहिले, आणि हा शोध युरोपचाच, हा आपला समज लेखी दुरुस्त केला.

पाभरीची रचना साधी आहे. लाकडी दिंडात फण बसविलेले. प्रत्येक फणामागे पोकळ नळी. सर्व नळ्या वर चाड्याला जोडलेल्या. तीन फणांच्या पाभरीला आपण तिफण म्हणतो. फोकून टाकलेले बी वरच राहते व पाखरांच्या तोंडी जाते. पाभरीचे बी ओलीवर पडते. बाजरीचे बी दोन-तीन सेंटिमीटरहून खोल गेले, तर उगवण कमी होते. म्हणून सुतार फणाचा कल जमिनीप्रमाणे बेतून देई. फणांमधील अंतरावरच पुढे कोळप्याची रुंदी ठरे. चाड्यावरची मूठ सैल सुटली तर रोपे दाटतात. आखडली तर नांग्या पडतात.

हे ज्ञान लाकडात जेवढे आहे, त्याहून अधिक सुताराच्या व पेरणाऱ्याच्या हातात आहे. लाकूड संग्रहालयात ठेवता येईल. हाताचे ज्ञान मात्र वेळीच नोंदविले नाही, तर त्या माणसाबरोबर जाईल. शिवाय लहान व उताराच्या तुकड्यांत बैलांच्या अवजाराची गरज संपलेली नाही. बी व खत एकाच वेळी पेरणारी दोन चाड्यांची पाभर ही या जुन्या रचनेचीच सुधारलेली आवृत्ती होय.

म्हणून माझी विनंती अशी : प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील एक चांगली पाभर कोरड्या जागी जपावी. शाळेने विद्यार्थ्यांकडून तिचे माप घेऊन आकृती काढवावी, भागांची स्थानिक नावे वृद्धांना विचारून लिहून घ्यावीत. गावात जुना सुतार असेल, तर त्याला एक दिवस शाळेत सन्मानाने बोलवावे. या कामास मोठा खर्च नाही. मात्र विलंब परवडणारा नाही.