कायदा आणि नीती : दोन्हींचा हिशेब ठेवू या

(सीताबर्डी, नागपूर येथे बचत गटांच्या महिलांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे ‘कायदा आणि नीती’. ऐकायला जड वाटतो, पण तो आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. कायदा म्हणजे जे मोडलं तर सरकार जाब विचारतं. नीती म्हणजे जे मोडलं तर आपलं मन आणि चार शहाणी माणसं जाब विचारतात. पुष्कळदा दोघं एकाच वाटेने चालतात. चोरी करू नये, हे आईही सांगते आणि कोर्टही सांगतं. पण कधीकधी त्यांची वाट फुटते. तेव्हा काय करायचं, तेवढंच आज बोलू.

आपण सीताबर्डीत बसलो आहोत. इथून जवळच, झिरो माईलपाशी गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशन चालू असताना गोवारी समाजाचा मोठा मोर्चा इथे आला होता. आदिवासी म्हणून सवलती द्या, ही त्यांची मागणी. सरकारतर्फे कोणी भेटायला येईल म्हणून लोक दिवसभर ताटकळले. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. पुढे आयोग बसला, त्याने कोणाला दोषी धरलं नाही. आता बघा, मोर्चाला अमुक वाजता मंत्र्याने भेटलंच पाहिजे, असा कायदा कुठे आहे? नाही. पण गावखेड्यातून आलेल्या बायकापोरांना दिवसभर ताटकळत ठेवू नये, ही नीती आहे की नाही? कायद्याच्या वहीत एखादी चूक लिहिलेली नसते, म्हणून ती चूक नव्हतीच असं होत नाही. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट कायदा मागे राहतो तेव्हाची. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. खालच्या कोर्टाने दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने मात्र शिक्षा दिली. खंडपीठाचं म्हणणं असं, की भीतीने गप्प राहणं वेगळं आणि राजी असणं वेगळं. पुढे सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. का? तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली नाही. बाई, रात्री ठाण्यात पोलिसांसमोर मजुराची पोर कुठून ओरडणार?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. १९८० च्या महिला दिनाला बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी असा अत्याचार झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने तिचं म्हणणं धरून चालायचं. उलट सिद्ध करणं आरोपीकडे. म्हणजे लोकांची नीती पुढे गेली आणि तिने कायद्याला ओढत आणलं. पण त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही, हेही विसरू नका.

तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. इथे कायदा पुढे गेला आणि आपली नीती उंबरठ्यावर अडून बसली. बापाच्या वावरात लेकीचा हिस्सा! महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण तो त्याआधी लग्न झालेल्यांना नव्हता. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने लग्न झालेल्या लेकीलाही तो मिळाला. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की हा हक्क जन्माने आहे. बाप २००५ मध्ये हयात होता की नव्हता, हे बघायचं कारण नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत.

एवढा कायदा असून होतं काय? बाप गेला, की तेरवी आटोपते न आटोपते तोच भाऊ कागद घेऊन येतो. “ताई, हक्कसोडवर सही कर.” आणि आपण करतो. कारण? माहेर तुटेल. भाऊबीजेला कोण बोलावेल? लोक म्हणतील, ‘पोरीची नियत फिरली.’ मला सांगा, साडीचोळीच्या बदल्यात दोन एकर सोडणारी बहीण नीतिवान, आणि आपला हिस्सा मागणारी लोभी, हे माप कोणी ठरवलं? भावाने मात्र ‘ताई, तुझा हिस्सा घे’ म्हटलं नाही, तर त्याच्या नीतीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

सोडायचं असेल तर जरूर सोडा, तो तुमचा हक्क आहे. पण आधी सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू द्या. कागद वाचून घ्या. नोंदवलेलं हक्कसोड पत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. शंका असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि एक लक्षात ठेवा. आपल्या गटातल्या गोंड, माडिया, कोलाम भगिनींना हा वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, मुस्लिम भगिनींचा कायदाही वेगळा आहे. म्हणून ‘मला मिळालं, तिचं ती बघेल’ असं म्हणू नका.

आता आपल्या गटाकडे येऊ. गटाची नियमावली म्हणजे आपणच आपल्यासाठी केलेला छोटा कायदा. बैठकीला गैरहजर राहिली तर दंड, हे बरोबर. पण एखादी बाळंतीण आहे, तिलाही दंड? नियम म्हणतो, हो. नीती म्हणते, नियम बदला. हप्ता थकला म्हणून सगळ्या जणी तिच्या दारात जाऊन बसतात, भांडी उचलायची भाषा करतात. तसं करायचा अधिकार कोणत्याच कायद्याने आपल्याला दिलेला नाही, आणि नीतीत तर ते अजिबात बसत नाही. तिच्याकडे बसून विचारा, पीक गेलं का, नवऱ्याने पैसे उडवले का, दवाखाना निघाला का. मग हप्ते पाडून द्या आणि तसा ठराव लिहा.

पण दुसरी बाजूही सांगते. मायेपोटी वहीत खोटं लिहायचं नाही. हप्ता आला नाही तर ‘आला’ लिहायचं नाही, जवळच्या मैत्रिणीसाठी तिची सही आपण करायची नाही. त्या पेटीत वीस रुपये, पन्नास रुपये पोटाला चिमटा घेऊन टाकणाऱ्या बाकीच्या बायांचंही आपण देणं लागतो. दया एकीवर आणि भुर्दंड दहा जणींवर, ही नीती होऊ शकत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन विषय घ्या. एक, आपली नियमावली मोठ्याने वाचा आणि कोणता नियम कोणावर अन्याय करतो ते विचारा. दुसरा, आपल्यापैकी कोणासमोर हक्कसोडचा कागद आला आहे का, ते विचारा. जी ‘हो’ म्हणेल, तिच्यासोबत तलाठी कार्यालयात जायला दोघी जणी तयार ठेवा. एकटीला अवघड जातं, तिघी गेल्या की खुर्ची मिळते.