औषध हाताशी हवे
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २००३ साली सब्रिना शॅनन ही १३ वर्षांची मुलगी शाळेच्या उपाहारगृहात तळलेले बटाटे खाल्ल्यानंतर अत्यवस्थ झाली आणि दगावली. तिला दुग्धजन्य पदार्थांची तीव्र अ‍ॅलर्जी होती. अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन शाळेतच होते, परंतु तिच्या कपाटात, हाताशी नव्हते.

तिच्या आईने, सारा शॅनन यांनी, आपले दुःख लोककार्याला जोडले. त्यांच्या व इतर पालकांच्या पाठपुराव्याने ‘सब्रिनाचा कायदा’ २००५ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. अशा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र योजना, कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण आणि आणीबाणीत सद्‌हेतूने इंजेक्शन देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण, ही त्याची मुख्य सूत्रे आहेत.

या अवस्थेत श्वासमार्ग सुजतो, रक्तदाब झपाट्याने खालावतो. मांडीच्या बाहेरील स्नायूत तत्काळ दिलेले अ‍ॅड्रेनालिन हाच पहिला उपचार होय. अ‍ॅलर्जीची गोळी त्याला पर्याय नव्हे. त्यानंतरही मुलाला रुग्णालयात नेलेच पाहिजे.

पालकहो, आपल्या पाल्याच्या अ‍ॅलर्जीची माहिती आणि डॉक्टरांच्या लेखी सूचना शाळेला अवश्य द्या. शिक्षकहो, ते औषध कुलपात ठेवू नका. ते कोठे आहे आणि कसे द्यावयाचे, हे एकापेक्षा अधिक जणांना ठाऊक असू द्या. एका मातेने जे गमावून जगाला शिकवले, ते आपण न गमावता शिकावे, हीच विनंती.